आधी हवा, मग जाळ

तुळशीचं लग्न आटोपलं की साताऱ्यात गीझर दुरुस्त करणाऱ्यांना मान वर करायला फुरसत नसते. उन्हाळा-पावसाळा कसाबसा रेटलेला गीझर पहिल्या थंडीला संपावर जातो. खरं तर दोष थंडीचाही नसतो. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच तापलेलं येतं, त्याला दहा अंशांचा हात दिला तरी आंघोळ होते. डिसेंबरात तेच पाणी 15-16 अंशांवर येतं आणि अंगावर घ्यायला चाळिसाच्या आसपास लागतं. म्हणजे काम अडीचपट. वर्षभर काजळी साठवून बसलेला बर्नर तिथं उघडा पडतो.

आमच्या शाहूपुरीतल्या घरी आधी तांब्याचा बंब होता. परसात, पत्र्याखाली. त्याच्या पोटातून उभं गेलेलं नळकांडं म्हणजे चिमणीच. खाली जाळीवर लाकडं, त्याखाली राखेची जागा मोकळी. जाळ पेटला की गरम हवा नळकांड्यातून वर जाणार आणि तिच्या मागोमाग खालून गार हवा आत ओढली जाणार. बंबाला हवा कुणी पुरवावी लागत नसे, तो आपली आपण घ्यायचा. राख साचली, जाळी बुजली, की लगेच धूर करून निषेध नोंदवायचा. डोळ्यांतून पाणी काढणारं हे प्रकरण घरात घ्यायची कुणाची छाती झाली नाही. गॅसला धूर नाही, म्हणून गीझर मात्र थेट न्हाणीघरात आला. सोय झाली यात वादच नाही. पण धुरामुळे जे आपोआप कळत होतं ते कळायचं बंद झालं, आणि त्याच्या जागी दुसरं काही आपण ठेवलं नाही.

मी विज्ञान शिकवायची. बन्सन बर्नर दरवर्षी फळ्यावर काढला, प्रत्यक्षात तो कपाटात शोभेला असे आणि वापरात स्पिरिटचा दिवा. बन्सननं हायडेलबर्गला 1855च्या सुमाराला कारागीर डेसागाकडून तो बर्नर करवून घेतला. त्यातली करामत एवढीच, की गॅस जळायच्या आधी त्यात हवा मिसळायची. खालचं कडं फिरवून भोक उघडलं की ज्योत निळी, मिटलं की पिवळी. पिवळेपणा म्हणजे न जळलेल्या कार्बनचे तापून उजळलेले कण. तेच कण भांड्याच्या बुडाला बसले की आपण त्यांना काजळी म्हणतो. आपल्या शेगडीच्या आणि गीझरच्या बर्नरचं तत्त्व आजही हेच आहे. जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या तोंडातून, गॅस जोरात सुटतो, सुटता सुटता बाजूची हवा ओढून घेतो, दोन्ही नळीत मिसळतात आणि मग वर पेटतात.

आमच्याकडं येणारे मिस्त्री कोडोलीचे. साठीला आलेत. गल्लीभर सगळेच मला बाई म्हणतात, तसे तेही म्हणतात. आले की आधी पाण्याचा नळ सोडायला सांगतात आणि वाकून नुसतं बघत राहतात. मग निकाल. "जाळ पिवळा मारतोय, बाई. आणि मऊ पडलाय."

ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत हे मला त्यांच्यामुळेच कळलं. चांगल्या जाळाच्या आत फिकट निळा, कडा स्पष्ट असलेला शंकू असतो आणि तो बर्नरवर घट्ट बसलेला असतो. हवा कमी पडली की टोकं पिवळी होऊन लवलवायला लागतात. हवा किंवा दाब जास्त झाला तर जाळ बर्नर सोडून वर उचलला जातो आणि फुरफुरतो. दाब कमी पडला तर जाळ मऊ पडतो, फारच कमी पडला तर नळीत मागं शिरतो आणि फट्ट असा आवाज येतो. केर काढताना ज्योतीत नारिंगी ठिणग्या दिसतात त्या मात्र धुळीच्या आणि मिठाच्या. लोक त्यांनाच घाबरून मिस्त्रींना फोन करतात, आणि खरा पिवळा जाळ महिनोन् महिने बघत बसतात.

कामाला लागले की मिस्त्री रेग्युलेटर बंद करतात, गीझरमधले दोन जाडे सेल काढून माझ्या हातात देतात, मग झाकण. गेल्या हिवाळ्यात झाकण उघडलं तर वरच्या तांब्याच्या पात्या एकमेकींना चिकटाव्यात इतक्या काळ्या. जळालेली हवा या पात्यांच्या फटींतून वर जायची असते, त्या फटीच बुजलेल्या. बर्नरच्या एका नळीत कोळ्यानं घर केलेलं, पांढरं, कापसासारखं दाट. हवा शिरायची वाट नेमकी तीच. मी उत्साहानं टाचणी पुढं केली, तर ते म्हणाले, "जेटात टाचणी घालायची न्हाई, बाई. भोक मोठं व्हतं, मग जलमभर पिवळाच जाळ बघत बसा." जेटचं भोक केसभर वाढलं तरी गॅस जास्त सुटतो आणि हवेचं प्रमाण बिघडतं. त्यांनी जेट काढून रॉकेलमध्ये बुडवून ठेवले, तोंडानं फुंकून उजेडाकडे धरून बघितले. पात्या मऊ ब्रशनं झाडल्या. परत जोडल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस. बुडबुडा आला नाही याची खात्री होईपर्यंत सेल मागितले नाहीत.

पिवळेपणा गेला. मऊपणा राहिला.

तेव्हा त्यांनी पिशवीतून फळी काढली. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी इंग्रजी यू आकारात वाकवून फळीवर खिळ्यांनी बसवलेली, मधे शाळेची मोजपट्टी. नळीत निम्म्यापर्यंत पाणी, पाण्यात जिलेबीचा रंग. माझ्या प्रयोगशाळेत मी हेच उपकरण पाठ्यपुस्तकातल्या चित्रावर भागवून नेलं होतं, आणि हा माणूस ते पिशवीत घेऊन साताराभर हिंडत होता! गॅसच्या नळीत मधे टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवून त्यांनी फळीवरच्या नळीचं एक तोंड तिला जोडलं. रेग्युलेटर चालू केला, तसं एका बाजूचं केशरी पाणी सरकन खाली गेलं आणि दुसरीकडचं वर चढलं. दोन्हींमधलं अंतर 31 सेंटिमीटर. घरगुती रेग्युलेटर साधारण 30 मिलिबारचा दाब देतो, आणि एक मिलिबार म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटर पाणी, तेव्हा हे बरोबर होतं. मग त्यांनी गीझर पेटवायला लावला. पाणी उतरत उतरत 22वर येऊन थांबलं. गॅस वाहायला लागल्यावर दाब एवढा पडतो म्हणजे वाटेत काहीतरी अडतंय. सिलिंडरच्या मागं भिंतीला दाबून दुमडलेली जुनी रबरी नळी सापडली. नवी सुरक्षा नळी घातल्यावर चालू गीझरला 28. जाळ उभा राहिला.

फळीकडं बघताना मला भाच्याचा फर्नेस आठवला. तो मिनियापोलिसला असतो. तिथं थंडी शून्याखाली वीस-पंचवीस अंश जाते, त्यामुळे ऑक्टोबरातच तंत्रज्ञ बोलावून घर तापवणारा फर्नेस तपासून घेतात. फर्नेस म्हटलं की मला ओगलेवाडीचा काचकारखाना दिसायचा, 1916 साली सुरू झालेला, प्रभाकर कंदिलांचा. भाच्यानं व्हिडिओ कॉलवर दाखवला तो तळघरात उभा असलेला कपाटाएवढा पत्र्याचा डबा निघाला. आत बर्नरची रांग, तिच्यापुढं पत्र्याच्या वळणदार नळ्या. जाळ नळ्यांच्या आत, घरातली हवा नळ्यांच्या बाहेरून. पंखा ती तापलेली हवा खोल्याखोल्यांत ढकलतो. दोन हवांची कधी गाठ पडायची नाही, ही त्यातली मुख्य अट. म्हणून त्या नळ्यांना कुठं चीर गेली आहे का, हे तिथला माणूस आरसा आणि विजेरी घेऊन बघत होता.

तो भाच्याला काय काय समजावत होता आणि मी इकडे वही काढून बसले होते. शिक्षकाची खोड. त्यानं आधी घरातली गॅसवरची बाकीची उपकरणं बंद केली आणि मीटरसमोर घड्याळ लावून उभा राहिला. मीटरवरचा दोन घनफुटांचा काटा एका फेरीला 90 सेकंद घेत होता. म्हणजे तासाला 40 फेऱ्या, 80 घनफूट गॅस. तिथल्या नैसर्गिक वायूच्या एका घनफुटात हजाराच्या थोडी वर बीटीयू उष्णता असते. बीटीयू हे तिथलं उष्णता मोजायचं एकक. म्हणजे फर्नेस तासाला 80,000च्या आसपास बीटीयू खातोय, आणि पाटीवरही तेवढंच लिहिलेलं. घड्याळ आणि भागाकार, एवढ्यावर त्यानं यंत्राची भूक काढली. मग आत जाणाऱ्या हवेचं तापमान 68 आणि बाहेर पडणाऱ्याचं 121 फॅरेनहाइट. वाढ 53ची. पाटीवर 35 ते 65 अशी मर्यादा दिलेली, तिच्यात बसली. ही वाढ फार निघाली तर बहुतेक वेळा फिल्टर धुळीनं बुजलेला असतो आणि पुरेशी हवा नळ्यांवरून जात नसते. चिमणीत नळी खुपसून त्यानं कार्बन मोनॉक्साइडही मोजला.

शेवटी गॅसच्या व्हॉल्व्हला त्यानं आकडे दाखवणारं उपकरण लावलं. पडद्यावर 3.8. टोपीखालचा बारीक स्क्रू किंचित सैल केला, 3.5. भाच्याला मी विचारायला लावलं, एकक काय? उत्तर आलं, इंच. पाण्याचे इंच! उपकरणात पाण्याचा थेंब नाही, पण आकडा अजून पाण्याच्या उंचीचाच. साडेतीन इंच म्हणजे नऊ सेंटिमीटर. मिस्त्रींच्या फळीवर तो मावून वर जागा उरली असती. आपला दाब तिप्पट, कारण सिलिंडरच्या गॅसचे जेट बारीक असतात.

पण मला खरी गंमत वाटली ती पेटण्याच्या क्रमाची. थर्मोस्टॅटनं उष्णता मागितली की फर्नेस आधी एक छोटा पंखा सुरू करतो. हा पंखा जळालेली हवा बाहेर ओढणारा. तो खरोखर ओढतोय का, हे दाबावर चालणारा एक स्विच तपासतो. त्याची खात्री पटल्याशिवाय पुढचं काही होत नाही. मग प्रज्वलक लाल होतो, मग गॅस सुटतो, काही सेकंदांत ज्योत जाणवली नाही तर गॅस पुन्हा बंद. चिमणी तुंबलेली असेल तर फर्नेस पेटतच नाही. घर गार पडेल, पण पेटणार नाही.

आता आपला गीझर. नळ सोडला की पाण्याच्या दाबानं रबरी डायफ्राम फुगतो, तो एक दांडी ढकलतो, दांडी स्विच दाबते, सेलवर ठिणगी पडते, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, ज्योत जाणवली तर उघडा राहतो. क्रम जवळपास तोच. फक्त आपल्याकडच्या बहुतेक गीझरचा पहिला प्रश्न पाण्याचा आहे: पाणी आहे का? पाणी नसताना पेटला तर यंत्र जळेल, म्हणून. हवेबद्दल तो काही विचारत नाही. काही मॉडेलं वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात, पण तीसुद्धा घड्याळ बघून. यंत्राची काळजी घेणारं यंत्र आहे ते. आंघोळ करणाऱ्या माणसाची काळजी बाहेर कुणीतरी घ्यायची असं त्यात गृहीत आहे, आणि ते कुणीतरी म्हणजे न्हाणीघराची खिडकी.

ती खिडकी आमच्याकडं बंद होती. काचेच्या पट्ट्यांची खिडकी, पट्ट्यांच्या फटींत घड्या घालून कोंबलेली वर्तमानपत्रं. यवतेश्वरकडून येणारा गार वारा सासूबाईंच्या गुडघ्यांना सोसत नाही. मिस्त्रींनी जाळ बघितला, फळी गुंडाळली आणि मग त्या खिडकीकडं बोट केलं. "आजी, ह्यो पेपर काढा. आन् परत लावू नका."

"अरे, बंबाला कुठं खिडकी लागत होती?"

"बंब घरात व्हता का, आजी?"

सासूबाईंकडं याला उत्तर नव्हतं, पण पेपरही त्यांनी काढू दिला नाही. म्हणून संध्याकाळी मी त्यांना हिशोब करून दाखवला. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गीझर थंडीत पूर्ण चालला तर तासाला एक किलोच्या आसपास गॅस जाळतो. शेगडीच्या सहा बर्नरइतका. मिनियापोलिसचं ते अख्खं घर तापवणारा फर्नेस याच्या जेमतेम दुप्पट ताकदीचा, आणि त्याला स्वतंत्र चिमणी. एक किलो गॅस नीट जळायला 12 घनमीटर हवा लागते. आमचं न्हाणीघर पाच बाय सहा फूट, उंची आठ, म्हणजे सुमारे सात घनमीटर, त्यात बादल्या आणि माणूस. पंधरा मिनिटांच्या आंघोळीला पाव किलो गॅस, म्हणजे तीन घनमीटर हवेतला सगळा प्राणवायू. दाराखालच्या फटीतून थोडी भर पडते, पण खिडकी बुजवली तर खोलीचा जवळजवळ अर्धा प्राणवायू गीझरनंच खाल्लेला असतो. आणि इतका वेळ जाळ नीट राहतच नाही. प्राणवायू कमी होत जातो तसा कार्बन डायऑक्साइडच्या जागी मोनॉक्साइड व्हायला लागतो.

त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला वास येतो तो मुद्दाम घातलेल्या मर्कॅप्टनचा, पण तो गळणाऱ्या गॅसचा. जळून झालेल्या हवेला तो नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला मोनॉक्साइड प्राणवायूच्या दोनशे-अडीचशे पट घट्ट धरतो. दहा लाखांत 200 भाग असले तर दोन-तीन तासांत डोकं दुखतं, 800 असले तर पाऊण तासात गरगरतं, मळमळतं आणि दोन-तीन तासांत जीव जातो, 1,600 असले तर वीस मिनिटांतच गरगरायला लागतं. "कडक पाण्यानं आंघोळ केली, चक्कर आली," असं आपल्याकडं किती सहज म्हणतात! उपाशीपोटी होतं, पित्तानं होतं, असं म्हणून लिंबूसरबत देतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच न्हाणीघर. आणि निळा जाळ दिसला म्हणून निर्धास्त राहावं असंही नाही. ज्योत काजळलेल्या गार पात्यांना टेकली की निळ्यातूनही मोनॉक्साइड सुटतो. मिस्त्रींची नजर कितीही तयार असली तरी हे तिला दिसणारं नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलं. म्हणाले, "म्हणून तर पात्या झाडतो."

सासूबाईंवर हिशोबाचा काही परिणाम झाला नाही. परिणाम झाला तो शेजारच्या काकूंनी फोनवर कुठल्याशा गावच्या दोन बहिणींची बातमी वाचून दाखवली त्याचा. मग गीझर बाहेर काढायचं ठरलं. मागच्या भिंतीवर, वरून पत्रा, वाऱ्याच्या बाजूला आडोसा, आणि गरम पाण्याची तेवढी नळी आत. आता त्यांची तक्रार अशी, की पहिली अर्धी बादली गारच येते. येते खरी. ते पाणी झाडांना घालायचं, आणखी काय! भाच्यानं येताना मोनॉक्साइडचा अलार्मही आणला. तो 70 भागांना एक ते चार तासांत आणि 400 भागांना काही मिनिटांतच वाजतो. गीझर बाहेर गेल्यावर त्याचं काम उरलं नाही, तरी झोपायच्या खोलीबाहेर लावून ठेवलाय. अलार्म वाजला तर आधी बाहेर यायचं आणि मग गॅस बंद करायचं बघायचं, एवढं सगळ्यांकडून म्हणवून घेतलं.

मिस्त्रींचं थंडीतलं दुसरं गिऱ्हाईक महाबळेश्वरला. लॉजवाल्यांचे गीझर. त्यांच्याकडून मला एक गोष्ट कळली जी मी कुठल्याही वर्गात शिकवली नव्हती. "वर जाळ आळशी व्हतो, बाई. लांब व्हतो, पिवळा पडतो. मी वरच्यांना बारका जेट घालतो." महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास. तिथं हवा समुद्राकाठच्यापेक्षा साधारण 15 टक्क्यांनी विरळ. गॅस तेवढाच सुटतो, पण तेवढ्याच जागेतल्या हवेत प्राणवायू कमी. अमेरिकेत फर्नेसवाल्यांचा जुना नियम आहे, 2,000 फुटांच्या वर गेलात की समुद्रसपाटीपासूनच्या दर हजार फुटांना 4 टक्के याप्रमाणे गॅस कमी करा. महाबळेश्वरच्या 4,400 फुटांना हिशोब केला तर 17-18 टक्के येतो. मिस्त्रींनी हा नियम कधी ऐकलेला नाही. जाळ निळा होईपर्यंत जेट बदलत गेले आणि तिथंच पोचले. वेण्णा तलावाकाठी दव गोठतं त्या दिवसांत सिलिंडरही गारठतो. त्यातलं ब्युटेन शून्याच्या आसपास उकळायचंच थांबतं, दाब पडतो, आणि लॉजवरची पोरं सिलिंडर गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवतात. त्या पोरांबद्दल मिस्त्री जे बोलतात ते इथं लिहिता येणार नाही.

आता पाइपलाइनचा गॅस येणार अशी गल्लीत चर्चा आहे. त्यात मिथेन, त्याला हवा दहापट पुरते. सिलिंडरच्या गॅसला पंचवीस ते तीसपट लागते. म्हणजे जेट मोठे लागणार, दाब 21 मिलिबारचा. जुन्याच जेटवर नवा गॅस जोडला तर पातेलं तापता तापणार नाही, आणि उलटं केलं तर काजळीच काजळी. हे बदलायचं काम गॅस कंपनीच्या माणसाचं, मीटरला आपण हात लावायचा नाही, हे मिस्त्रींनी आधीच जाहीर केलंय. पण 21चा आकडा त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतला आणि फळीवर, 30च्या खुणेखाली, खिळ्यानं दुसरी रेघ ओढली. मी म्हणाले, "तुम्ही तर हात लावणार नाही ना?"

"हात न्हाई लावणार. बघणार तर?"